आठ मीटर खालचं डाळिंबी

आमच्या दुकानात संध्याकाळी पाचनंतर डाळिंबी, मरून आणि वाइन या तीन रंगांचं मॅचिंग होत नाही. गिऱ्हाईक परगावचं असलं, एसटी चुकणार असली, तरी होत नाही. "सकाळी या, ताई. आत्ता दिलेला पीस उद्या तुम्हाला घरी वेगळाच दिसंल," असं मी सांगते, आणि काही जणी रागावून समोरच्या दुकानात जातात. हा नियम आत्यांनी घातलेला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

दुकान कोल्हापुरात, महाद्वार रोडला लागून असलेल्या एका बोळात आहे. तिन्ही भिंतींना छतापर्यंत ब्लाऊजपीसच्या टू बाय टू कापडाचे तागे, खाली अस्तर, फॉल, पॉपलीन. एकट्या हिरव्यात रामा, बॉटल, मेहंदी, पिस्ता, पोपटी, शेवाळी असे दोन कप्पे भरतात. तांबड्याचं तर विचारूच नका. लग्न होऊन मी आले तेव्हा पहिले दोन महिने आत्यांनी मला कात्रीला हात लावू दिला नाही. रोज दुपारी त्या पाच-सहा तांबड्यांचे तुकडे माझ्यापुढं टाकायच्या आणि म्हणायच्या, "लाव बघू जुळवून. हितं ट्यूबखाली नको, दारात ने. उन्हात बी नको, सावलीत बघ." मी दारात उभी राहून बघायची. ट्यूबखाली जुळे वाटणारे दोन तुकडे दारात गेले की एक विटेच्या अंगानं झुके आणि दुसरा जांभळाच्या.

असं का होतं, हे आत्यांना पुस्तकातून माहीत नव्हतं, पण हातून माहीत होतं. ट्यूबच्या उजेडात सगळे रंग सारखे भरलेले नसतात. काही ठिकाणी तो उंच उडी मारतो, काही ठिकाणी रिकामा असतो. दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या रसायनांनी बसवलेले असतील, तर एका उजेडात ती जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. साडी नेसून बाई कार्यालयात जाते, हळदीला अंगणात बसते, रात्री फोटोच्या लाइटखाली उभी राहते. तिन्हीकडं ब्लाऊज साडीशी जुळायला हवा. म्हणून दारातली सावली.

आणि पाचनंतर का नाही? आमच्या बोळाचं तोंड पश्चिमेला आहे. उतरत्या उन्हाचा पट्टा सरळ गल्ल्यावर येतो आणि त्यात सगळं कापड सोन्याच्या अंगानं जातं. हाच उजेड अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव घडवतो. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात पोचतात आणि पायांपासून मुखाकडं चढत जातात. ती किरणं केशरी असतात कारण मावळतीच्या सूर्याचा उजेड हवेच्या लांबच लांब थरातून येतो. वाटेत हवेचे रेणू त्यातला निळा इकडंतिकडं उधळून टाकतात. देवीपर्यंत पोचतो तो निळा गळालेला उजेड. एवढं मला ठाऊक होतं, आणि म्हणून उजेडाचं आपल्याला सगळं कळलं आहे असं मी समजत होते.

गेल्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ह्यांनी मला घड्याळ घेतलं. मी ते पसंत केलं ते तबकडीसाठी. स्टीलची केस, पांढरे काटे, आणि तबकडी अशी डाळिंबी की फोडलेल्या डाळिंबाच्या दाण्यावर उजेड पडावा. घड्याळवाल्याच्या दुकानातही मी ते दारात नेऊन बघितलं. मागं '२०० मीटर' असं कोरलेलं होतं. त्या आकड्याचा मला कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. पण फेब्रुवारीत आम्ही फोंडा घाट उतरून मालवणला गेलो, आणि भाच्यांनी आग्रह करकरून मला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या बोटीत बसवलं. मी लहानपणी आजोळच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेली बाई. पाण्याची भीती नव्हती. पाण्याखाली श्वास घ्यायची होती.

तोंडात नळी, नाकावर मास्क, कानात दडे बसले की नाक दाबून फुंकायचं. मालवणी पोरगा एका हातानं माझी टाकी धरून मला खाली नेत होता. खाली पोचल्यावर त्यानं बोटांनी विचारलं, ठीक आहे का? मी खूण करायला हात वर केला आणि मनगटाकडं नजर गेली.

तबकडी काळी होती.

डाळिंबी फिकट झालेली नव्हती, गढूळही दिसत नव्हती. काळी, म्हणजे आमच्याकडं वाइनचा सगळ्यात शेवटचा तागा असतो तसल्या काळ्याशार अंगाची. पांढरे काटे स्वच्छ दिसत होते, सेकंदकाटा चालत होता. नखांवर मरून पॉलिश होतं, तेही डांबरासारखं. पोराच्या छातीवरून लोंबणारी जादा नळी मात्र झेंडूसारखी पिवळी पेटलेली. मला पहिल्यांदा वाटलं, घड्याळात पाणी शिरलं आणि रंग गेला. मी त्याला घड्याळ दाखवून हात हलवला. त्याला वाटलं मी वेळ विचारते आहे.

मग व्हिडिओ काढणारा दुसरा पोरगा समोर आला. त्याच्या कॅमेऱ्याला लहानसा दिवा होता. तो उजेड माझ्या मनगटावरून फिरला, आणि त्या एका क्षणाला तबकडी डाळिंबी झाली. पूर्ण, ओली, जिवंत डाळिंबी. दिवा पुढं गेला, परत काळी.

वर आल्यावर मी बोटीत आधी मास्क काढला आणि मग घड्याळ बघितलं. रंग जागेवर होता. पोरगा हसून म्हणाला, "ताई, पाण्यात तांबडा काळाच दिसता. वर इल्यावर परत येता." त्याला त्यात नवल काही नव्हतं. माझा मात्र घरी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. तेवीस वर्षं रंग जुळवून पोट भरते आहे मी, आणि आठ मीटर पाण्यात माझा डाळिंबी मलाच ओळखता आला नाही.

त्यानंतर भाचीची भौतिकशास्त्राची पुस्तकं मी दुपारच्या रिकाम्या वेळात काउंटरवर ठेवून वाचली, अडलं की तिला फोन केला. कळलं ते आमच्या धंद्याच्या भाषेत सांगते.

तबकडी स्वतःचा उजेड देत नाही. तिच्यावर सगळे रंग येऊन पडतात, ती बाकीचे गिळते आणि तांबडा परत पाठवते. आपण जे बघतो ते हे परत पाठवलेलं. आता पाणी मध्ये आणा. पाण्याच्या रेणूत हायड्रोजन आणि ऑक्सिजनला जोडणारे बंध सतत थरथरत असतात. ही थरथर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात गिळते, आणि त्या गिळण्याचं शेपूट दिसणाऱ्या उजेडाच्या तांबड्या टोकापर्यंत येऊन पोचतं. म्हणून पाणी तांबड्याला खातं आणि निळ्याला जवळजवळ हात लावत नाही. जड पाणी म्हणून एक असतं, ज्यात हायड्रोजनच्या जागी त्याचाच दुप्पट वजनाचा भाऊ बसलेला असतो. वजन वाढल्यानं थरथर मंदावते, शेपूट आखडतं, आणि त्या पाण्याला साध्या पाण्याची निळसर झाक उरत नाही. एवढ्या एका फरकानं रंग बदलतो हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

हिशेब असा. शुद्ध पाण्यातून जाताना ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, म्हणजे भरदार तांबडा उजेड मीटरमागं साधारण ३० टक्के खाल्ला जातो. शंभरातले ७० उरतात. दुसऱ्या मीटरला त्या सत्तराचे ३० टक्के जातात, उरतात ४९. मग ३४, मग २४, १७, १२, ८. आठव्या मीटरला सहाच्या जवळपास. आणखी गडद तांबडा, ७०० नॅनोमीटरचा, तर आठव्या मीटरला शंभरात एकही धड उरत नाही. निळ्याचं मात्र मीटरमागं जेमतेम एक टक्का जातं. आता माझी तबकडी तांबडा सोडून बाकी सगळं गिळणारी. तिच्यापर्यंत तांबडा पोचलाच नाही तर परत काय पाठवणार? निळा-हिरवा येत होता तो ती गिळत होती. दुकानात येणारं गिऱ्हाईक सगळं वांगी रंगाचं मागतंय आणि आपल्याकडं फक्त गाजरीच तागे आहेत, तशी तिची गत. हात रिकामे म्हणून ती काळी.

दिव्याचा उजेड वितीभर अंतरावरून आला. त्याला आठ मीटर उतरायचं नव्हतं, वितीभर जायचं आणि वितीभर परत यायचं. त्याच्यातला तांबडा शाबूत होता. घड्याळ डोळ्यांजवळ आणून काही फरक पडत नव्हता तोही याच कारणानं. तांबडा वरून खाली येताना संपला होता, मनगट ते डोळा या टप्प्यात नव्हे.

आणि ती पिवळी नळी? असल्या सामानाला झळाळीचा रंग वापरतात, रस्त्यावर काम करणाऱ्या माणसांच्या जाकिटाला असतो तसला. तो निळा-हिरवा उजेड गिळून त्याचा पिवळा किंवा केशरी करून बाहेर टाकतो. पाण्यात निळा-हिरवा भरपूर, म्हणून त्याला माल मिळत राहतो. साधा रंग फक्त निवड करतो, हा रंग बदलून देतो.

घड्याळ करणाऱ्यांना हे सगळं फार आधीपासून छळत आलेलं आहे. १९६७ साली डॉक्सा या स्विस कंपनीनं समुद्रात बुडी मारणाऱ्या माणसांसाठी केशरी तबकडीचं घड्याळ आणलं आणि ते गाजलं. केशरीही खोलात विटत जातो, तांबड्याइतक्या लवकर नाही एवढंच. पण खाली गेल्यावर रंग ओळखायचा नसतो, काटा ओळखायचा असतो, आणि त्यासाठी काळा-पांढऱ्यातला फरक टिकला म्हणजे झालं. असल्या घड्याळांचा जो आंतरराष्ट्रीय दंडक आहे, तो काळोखात २५ सेंटीमीटरवरून वेळ वाचता यावी असं सांगतो. अंधारात चमकणारे ठिपके पूर्वी रेडियमचे असत, नंतर ट्रिटियमचे, आणि १९९३ च्या सुमारास जपानात स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटचे बिनकिरणोत्सारी आले. ते चमकतात हिरवे किंवा निळे, म्हणजे पाणी ज्यांना वाट देतं तेच रंग.

मला एका गोष्टीचं जास्त आश्चर्य वाटलं. खाली असताना मला पांढरे काटे पांढरेच दिसले होते. माझा स्वतःचा हात मला हाताच्याच रंगाचा वाटला होता. पण व्हिडिओ बघितला तर सगळं हिरवंगार: काटे हिरवट, हात हिरवट, शेजारून गेलेला चांदीसारखा मासा हिरवट. कॅमेऱ्यानं आलेला उजेड जसाच्या तसा नोंदवला. मेंदू तसं करत नाही. तो सगळीकडचा कल बघतो, मनातल्या मनात वजा करतो आणि पांढऱ्याला पांढरं म्हणत राहतो. आम्ही मॅचिंगवाले या सवयीशी रोज भांडतो. गिऱ्हाईक पाच मिनिटं ट्यूबखाली बसलं की त्याला ट्यूबचा उजेडच खरा वाटायला लागतो, म्हणून त्याला उठवून दारात न्यावं लागतं. पण मेंदू वजाबाकी-बेरीज आलेल्या मालावर करतो. तांबडा आलाच नाही, तर तो कुठून आणणार?

समुद्र हिरवा का होता, निळा का नव्हता, याचंही उत्तर पाण्यातच. चंद्रशेखर वेंकट रामन १९२१ साली 'नारकुंडा' जहाजानं युरोपातून परत येत होते. भूमध्य समुद्राचा निळा रंग हे आकाशाचं प्रतिबिंब आहे असं तोवर मोठमोठी माणसं म्हणत. रामन यांनी जहाजाच्या कठड्यावरून निकोल लोलकातून पाण्याकडं बघितलं. त्या लोलकानं पृष्ठभागावरची आकाशाची चमक कापली जाते. चमक गेली, आणि निळा उलट अधिकच खुलला. मुंबई बंदरात जहाज लागलं तेव्हा त्यांचं 'नेचर'साठीचं पत्र तयार होतं. पाण्याचे रेणू स्वतःच उजेड विखुरतात, असं त्यात होतं. तो धागा धरून पुढं २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध लागला आणि १९३० चं नोबेल आलं. माझ्या डोळ्यांपुढं मात्र नोबेल येत नाही, कठड्यावरून वाकून बघणारा माणूस येतो. समोर दिसतंय ते पाण्याचं किती आणि वरच्या आभाळाचं किती, हे वेगळं काढायला बघणारा.

त्या भूमध्य पाण्यात आणि मालवणच्या पाण्यात फरक असा की आपल्या किनाऱ्याला सूक्ष्म वनस्पती आणि गाळ जास्त. या वनस्पतींतलं हरितद्रव्य निळाही खातं. कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा पाण्यात उतरलेला अर्कही निळ्यावरच तुटून पडतो. तांबडा पाण्यानं नेला, निळा यांनी नेला, मधला हिरवा वाचला. आपला रंकाळा हिरवा दिसतो त्यात हेच, फक्त कितीतरी पट. रंकाळ्यात घड्याळ हातभर खाली धरलं तर तिथं आधी निळी तबकडी मरेल, मग माझ्यासारखी तांबडी.

आणि पावसाळ्यातली पंचगंगा? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, पाचींनी आपापल्या डोंगराची माती आणून ओतलेली असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझ्या मावशीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पाणी ओसरत घोट्यावर आलं तेव्हा आम्ही सामान काढायला गेलो. तिच्या स्वयंपाकघरातली पांढरी फरशी त्या पाण्यातून गुळाच्या ढेपेसारखी दिसत होती. तिची निळी इरकल पाण्याखाली पडली होती आणि ती मी काळं फडकं समजून पायानं बाजूला सारली. उचलून उजेडात धरल्यावर निळी निघाली. मावशी तिथंच उभी होती. ती काही बोलली नाही. गढूळ पाणी निळ्याला खातं हे मला तेव्हा कळलं असतं तर मी प्रत्येक काळा गोळा आधी हातात घेतला असता.

घरी आल्यावर मी घड्याळ बादलीतही बुडवून बघितलं. न्हाणीघरात, स्टीलच्या बादलीत, वरून बल्ब. इथं उलटाच प्रकार. वरून सरळ बघितलं तर तबकडी हवेत दिसते त्यापेक्षा जास्त खोल, जास्त रसरशीत दिसते. कारण साधं आहे. हवेतून काचेवर पडलेला उजेड थोडा काचेवरूनच उडतो, साध्या काचेवरून शंभरात चार, नीलमणी काचेवरून सात-आठ, आणि त्या चमकेचा पांढुरका थर रंगावर बसतो. पाणी आणि काच यांच्यातला फरक कमी, त्यामुळं पाण्यात वरच्या बाजूची ही चमक साध्या काचेवर जवळजवळ नाहीशी होते, नीलमणीवर दोनवर येते. वीतभर पाण्यानं तांबडा खाल्लेला कळतही नाही, आणि चमक गेलेली मात्र लगेच कळते. ओलं कापड गडद दिसतं त्याचीही जात याच्या जवळची: धाग्यांमधल्या हवेच्या जागी पाणी बसलं की पृष्ठभागावरून उधळणारा उजेड कमी होतो. म्हणून ओल्या साडीला कोरडा पीस जुळवायचा नाही, हाही आत्यांचाच नियम.

मग मी मनगट हळूहळू तिरकं केलं. एका ठरावीक कोनाला तबकडी अचानक नाहीशी झाली. काटे नाहीत, आकडे नाहीत, डाळिंबी नाही. काचेच्या जागी नितळ पारा ओतलेला, आणि त्यात बादलीची कड आणि बल्ब. परत सरळ केलं, तबकडी हजर. तिरकं केलं, आरसा. मी हे किती वेळ करत बसले कोण जाणे. घड्याळाच्या आत कोरडी हवा असते. पाण्यातून काचेत आलेला उजेड त्या हवेत शिरायला बघतो, पण सरळ रेषेपासून साधारण ४९ अंशांपेक्षा जास्त तिरका असेल तर त्याला आत जाताच येत नाही, सगळाच्या सगळा मागं फिरतो. पाण्यातल्या घड्याळाचा आरसा होणं म्हणजे ते आतून कोरडं असल्याची खूण. काचेखाली पाणी भरलं असतं तर आरसा झालाच नसता. मालवणला मला एवढं ठाऊक असतं तर मनगट वाकडं करून बघितलं असतं आणि घाबरले नसते.

आता जे सांगते ते मी अजून घरातही नीट बोललेले नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत आत्यांचं मॅचिंग चुकायला लागलं होतं. नेव्ही ब्लूच्या साडीला त्यांनी काळा पीस दिला. ऑफ व्हाइटला क्रीम दिला. एका नवरीच्या चिंतामणी शालूला बॉटल ग्रीन कापून दिला. ती मुलगी लग्नाच्या दोन दिवस आधी रडत परत आली, आणि मी तिच्यासमोर आत्यांच्या हातातली कात्री काढून घेतली. म्हणाले, "आत्या, राहू द्या आता. तुमच्यानं होत न्हाई." त्यांनी मीटरपट्टी गल्ल्यावर ठेवली आणि घरी गेल्या. त्यानंतर त्या दुकानात यायच्या, पण खुर्चीवर बसून फॉलची गुंडाळी करायच्या. कापडाला हात लावायच्या नाहीत. मला वाटलं, वय झालं, नजर गेली, लक्ष राहिलं नाही.

मालवणहून आल्यावर मी त्यांना घड्याळाची गोष्ट सांगत होते. तांबडा कसा गेला, दिवा आल्यावर कसा परत आला. त्या गुंडाळी करता करता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला बी तसंच हुतंय गं. तांबडं दिसतंय. निळंच कुठं गेलंय, कळत न्हाई."

मी गप्प बसले. काळा आणि नेव्ही. बॉटल आणि चिंतामणी. क्रीम आणि ऑफ व्हाइट. त्यांची प्रत्येक चूक निळ्यातली होती. तांबड्यात त्या एकदाही चुकल्या नव्हत्या, आणि हे माझ्या लक्षात यायला मला समुद्रात जावं लागलं.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांना. डॉक्टरांनी सांगितलं, वयानं डोळ्यातलं भिंग पिवळं, मग तपकिरी होत जातं आणि निळा उजेड आतल्या पडद्यापर्यंत पोचू देत नाही. इतकं हळूहळू होतं की माणसाला कळत नाही, कारण मेंदू आपली वजाबाकी करत राहतो. मला पंचगंगेचं पाणी आठवलं आणि त्यातली मावशीची इरकल आठवली.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. पट्टी निघाल्यावर चार-पाच दिवसांनी आत्या दुकानात आल्या, खुर्चीवर न बसता सरळ पांढऱ्या पॉपलीनच्या ताग्यापाशी गेल्या. तागा दारात घेतला. डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला, बघितलं. मग उजव्यावर ठेवला, बघितलं. असं तीन-चारदा केलं. "ह्या डोळ्यानं पांढरं," त्या म्हणाल्या, "आन् ह्या डोळ्यानं मोतिया." तागा एकच होता. डाव्या डोळ्याला चढलेली पिवळी झाक त्या उजव्या डोळ्यानं मोजत होत्या. मग त्यांनी मला समोरच्या दुकानाचं शटर विचारलं, "हे कवा रंगवलं?" ते सात-आठ वर्षांपासून निळंच आहे.

मी कात्री त्यांच्यापुढं ठेवली. माफी मागायचे शब्द मी जुळवून ठेवले होते, पण त्यांनी कात्रीकडं लक्ष दिलं नाही. माझं मनगट धरलं आणि मला दारात ओढलं. सकाळचे अकरा वाजले होते, बोळात सावली होती. घड्याळ त्यांनी तिरकं केलं, सरळ केलं, डावा डोळा झाकून जवळ आणलं.

"डाळिंबी म्हणालीस न्हवं हे?"

"व्हय आत्या."

"डाळिंबी न्हवं. जांभळं हाय ह्यात."

मी बघितलं. काचेवर चमक मारू नये म्हणून एक पातळ लेप दिलेला असतो, त्याची जांभळट झाक तिरक्या उजेडात तबकडीवर येते. वर्षभर घड्याळ हातात होतं आणि ती झाक मला दिसली नव्हती. आत्या आत गेल्या, तांबड्याच्या कप्प्यातला तिसऱ्या ओळीतला तागा काढला, आणि त्याचं टोक माझ्या मनगटाशी आणून लावलं.